विमानतळाबाहेरचा निळा कोट

मी एक निळा कोट बोलतोय. सोनेरी बटणं, छातीवर पंखांचा बिल्ला. लांबून पाहिलं तर मी विमान कंपनीचाच वाटतो. जवळून पाहायची तसदी सहसा कोणी घेत नाही.

माझा जन्म बडोद्याजवळच्या छाणीतल्या एका लहान कारखान्यात झाला. तिथे एरवी लग्नातल्या बँडवाल्यांचे पोशाख शिवतात. आमचा गठ्ठा अलकापुरीतल्या एका चकचकीत ऑफिसात गेला. तिथल्या मयंक सरांनी आम्हाला काचेच्या कपाटात रांगेने टांगलं. नोकरी मागायला येणाऱ्याला ते सगळ्यात आधी आम्हालाच दाखवत.

एक दिवस शलाका आली, वडिलांना घेऊन. सुभानराव एका शोरूमच्या दारावर पहारेकरी होते. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, म्हणून की काय, खुर्चीतही ते ताठ बसले. मराठी आडनाव ऐकताच मयंक सर खुलले.

"अरे, म्हणजे आपलीच माणसं! मी उगाच केम छो, केम छो करत बसलो."

"पण साहेब, नोकरीच्या आधीच पैसे?" सुभानरावांनी चाचरत विचारलं.

"पैसे नाहीत हो काका, डिपॉझिट. ट्रेनिंगचं, कोटाचं. पहिल्या पगारात परत. तुम्ही निवांत विचार करा. फक्त जागा तेवढी मला धरून ठेवता येणार नाही."

प्रेमलाबाईंनी, शलाकाच्या आईने, हातातल्या पाटल्या मोडायला दिल्या आणि मी शलाकाच्या खांद्यावर आलो. फतेगंजच्या त्यांच्या गल्लीत पेढे वाटले गेले. सुभानराव मला इस्त्री दुसऱ्या कोणाला करू देत नसत. बिल्ला तर ते धोतराच्या सोग्याने पुसत.

रुजू व्हायच्या सकाळी आम्ही विमानतळावर पोहोचलो. दारावरच्या जवानाने नेमणुकीचं पत्र उलटसुलट पाहिलं. "मॅडम, ऐसी कोई कंपनी यहाँ नहीं है."

शलाकाने पत्र पुन्हा पुढे केलं. त्याने ते पुन्हा वाचलं, आणि नीट घडी घालून परत दिलं.

अलकापुरीच्या ऑफिसला कुलूप होतं, पाटी काढलेली. जिन्याच्या पायऱ्यांवर निळे कोट घातलेली पोरं-पोरी बसली होती. एकाच ताग्यातली माझी भावंडं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मग सगळी मिळून पोलिसांकडे गेली. अर्ज घेतला गेला. "तपास करशुं, बेन," एवढंच उत्तर मिळालं.

शलाका संध्याकाळी घरी आली. आई दारातच उभी होती. "कसा गेला गं पहिला दिवस?"

"छान," ती म्हणाली.

त्यानंतर ती रोज सकाळी मला घालून निघायची आणि विमानतळाबाहेरच्या बाकावर बसायची. त्या कोटात विचित्र दिसणार नाही अशी बडोद्यात तेवढीच जागा होती. लोक तिला ट्रॉली कुठे मिळेल, रिक्षा कुठे मिळेल विचारायचे. ती उठून, हसून सांगायची. तिला ते काम खरंच छान जमलं असतं.

एकदा ती डबा विसरली. सुभानराव तो घेऊन आले. मुलगी एका म्हाताऱ्या बाईंना वाट दाखवताना त्यांना दिसली. ते लांबच थांबले, बघत राहिले. तिला मध्येच बोलवायला नको म्हणून डबा त्यांनी जवानाकडे दिला. "आमच्या मुलीला द्या. इथेच नोकरीला आहे."

जवान हळूच म्हणाला, "काकाजी, वो नौकरी पर नहीं है. बस, रोज यहाँ बैठती है."

सुभानराव येऊन तिच्या शेजारी बसले. डबा उघडून तिच्यासमोर धरला. ती रडत होती, ते रडले नाहीत. बऱ्याच वेळाने तिने मला काढायला हात वर केला, तेव्हा त्यांनी तो धरला. "आत्ता नको काढूस. गल्लीतून जायचंय."

आता मी दाराआड खुंटीला असतो. प्रेमलाबाई मला भांडीवालीला देणार होत्या, शलाकानेच अडवलं. "राहू दे. पुन्हा कोणी गोड बोललं तर समोर दिसायला हवा."

मागच्या महिन्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यातून तिला फोन आला. ऑफिसात जागा आहे, फक्त प्रमाणपत्रं घेऊन या. बोलणाऱ्या बाई फार गोड बोलत होत्या. शलाकाने फोन कापला. दोन-तीन दिवसांनी सुभानरावांनी माझ्या शेजारी उभं राहून, आवाज दाबून, त्या नंबरवर फोन लावला. नोकरी खरी होती. जागा कालच भरली होती.

"कोणाचा फोन, बाबा?" शलाकाने आतून विचारलं.

"राँग नंबर," ते म्हणाले, आणि माझ्या बाहीला तोंड पुसून आत गेले.

मला हे तिला सांगता येत नाही. तुम्हाला हात जोडतो: कोणी नोकरीआधी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. पैसे तर जातातच. पण माझ्या शलाकाला आता खऱ्या माणसाचा आवाजही ओळखू येत नाही.