कललेला पेला

तोकुझोंनी हातोडी उचलली आणि समोरच्या सपाट दगडाकडे बोट दाखवलं. सुझुएने पेला दगडावर ठेवला नाही. नुकताच भट्टीतून निघालेला, अजून कोमट असलेला तो पेला तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला.

पायाशी खापरांचा खच पडला होता. त्यातली बरीचशी तिच्याच पेल्यांची. जपानमधल्या हागी गावातल्या या भट्टीची रीतच होती. भट्टी उघडली की तोकुझो एकेक भांडं हातात घेत आणि मनास न येईल ते तिथल्या तिथे फोडत. मुलीला सूट नव्हती. वडिलांच्या हाताखाली शिकायला लागल्यापासून सुझुएचं एकही भांडं या अंगणाबाहेर गेलं नव्हतं.

हा पेला एका बाजूला किंचित कलला होता आणि अंगाने पातळ होता. तोकुझोंचे पेले जाड, बसके, लांबून ओळखू येणारे.

“ठेव,” ते म्हणाले. “माझ्या भट्टीतून असलं काही बाहेर जाणार नाही.”

भट्टीच्या तोंडाशी वाकलेल्या थोरल्या भावाने, मासाकीने, तिला खुणेनेच सांगितलं, ठेवून टाक, दुसरा कर. त्याने स्वतः आजवर तेच केलं होतं.

आईने सगळ्यांसाठी आणलेली किटली कट्ट्यावर होती. सुझुएने पेल्यात चहा ओतला, वडिलांसमोरच्या फळीवर बसली आणि घोट घेतला.

“हे काय?”

“चहा पितेय. संपला की फोडा.”

पण चहा संपेना. तळ दिसू लागला की ती उठून पेला पुन्हा भरून घेई. पिणाऱ्याच्या हातातून भांडं हिसकावून घेणं वडिलांना जमणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ऊन अंगणभर पसरलं. आईने येऊन दोघांकडे पाहिलं आणि किटली परत भरून ठेवली.

शेवटी तोकुझोंनी हातोडी खाली ठेवली.

“आण इकडे.”

तिची बोटं पेल्यावर आवळली. मग तिने तो काठोकाठ भरून त्यांना दिला. ते प्यायले, थांबले, पुन्हा प्यायले.

“हाताला चटका बसतो. पुढच्या वेळी जाड कर.”

“नाही करणार.”

मासाकी होता तिथेच थबकला. तोकुझोंनी मुलीकडे रोखून पाहिलं, उरलेला घोट संपवला आणि रिकामा पेला तिच्यापुढे धरला.

“मग चहा तरी जरा निवू दे.”