खोक्याजवळचा फोटो

दारावर लाल फडकं म्हणजे या घरात चूल पेटलेली नाही. टाळेबंदीत आमच्या डोंगरावरच्या वस्तीत दारोदार फडकी लागली होती, पण समोरच्या योर्लादिसचं फडकं मला खोटं वाटायचं. का नाही वाटणार? नगरपालिकेच्या साहेबांनी तिच्या दारात धान्याचं खोकं ठेवून फोटो काढला, तो गल्लीतल्या प्रत्येक मोबाईलवर फिरत होता. आणि ही बया वर तोंड करून म्हणते, मला काही मिळालं नाही.

माझा अरेपाचा, मक्याच्या जाड भाकरीचा, गाडा कधीचा बंद. नात मायेर्ली गुळाच्या पाण्यावर दिवस काढत होती. त्या सकाळी उठताना तिला घेरी आली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. तडक योर्लादिसचं दार गाठलं.

"खोकं कुठं दडवलंस गं?"

ती माझ्याहून तिखट. "एर्मेलिंदामावशी, चोराच्या उलट्या बोंबा. तुमचाही फोटो पाहिलाय मी."

मग मी तिला सगळं सांगून टाकलं. माझाही फोटो काढला होता, ते मी कुणाला बोलले नव्हते; वाटलेलं, खोकं फक्त माझंच परत गेलं. रोगाचे दिवस आहेत, हात लावू नका, लांब उभ्या राहा, असं साहेब म्हणाले होते. फोटो झाला की खोकं परत गाडीत. पडताळणीनंतर मिळेल, बोभाटा केलात तर यादीतून नाव कापू. योर्लादिसलाही अगदी हेच सांगितलेलं. दोघींनी फोटो शेजारी-शेजारी धरले. खोक्याचा तोच कोपरा फाटलेला, त्यावर तीच पिवळी पट्टी. एका खोक्यावर अख्खी गल्ली एकमेकींच्या उरावर बसवली होती मेल्यांनी.

साहेबांची गाडी तेव्हा वरच्या गल्लीत होती. आम्ही दोघी चढून गेलो, मागून बाकीच्या बायका. साहेब एका म्हाताऱ्याला खोक्यापासून लांब उभं करत होते. मी सरळ जाऊन खोक्यावर बसले. आता हे घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवूनच.

बसले ती थेट जमिनीवर. खोकं रिकामं होतं.

कुणी हसलं नाही. साहेबांनी पेन काढलं आणि शांतपणे माझं नाव विचारलं. नाव कापलं तर पोरीला घालू काय?

योर्लादिसनं हात देऊन मला उठवलं. म्हणाली, "नाव मागनं लिहा, साहेब. आधी गाडी उघडा."

साहेब गाडीत चढले. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, तोवर बायका चाकांपुढे बसल्या होत्या. मीही योर्लादिसला खेटून बसले.