अडलेला दांडा

मित्रांनो, मी काडतुसं भरायची एक जुनी मशीन आहे. बिडाचं अंग, लांब दांडा आणि हट्टी स्वभाव, एवढीच माझी मालमत्ता. रिकाम्या काडतुसात दारू, बूच आणि छर्रे भरून झाले की दांडा दाबायचा. मग मी त्याचं तोंड दुमडून बंद करते.

कुरुंदा गावच्या जळबांनी मला नांदेडच्या बाबूसिंगच्या बंदुकीच्या दुकानातून आणलं. शेजारी एक चकचकीत, नवी मशीन होती. ती एका दमात सगळी कामं उरकायची. पण जळबांनी माझाच दांडा हलवून पाहिला. "एका वेळी एकच काम करंल अशी पाहिजे. नजर तरी राहती." मी अशी फुगले म्हणता! बाबूसिंगने दारूचं पितळी माप हातात देऊन बजावलं, "किनारे तक, जळबाभाऊ. उससे ऊपर नहीं."

जळबांकडे बंदुकीचा आणि घरी काडतुसं भरायचा रीतसर परवाना होता. त्यावर लेक ज्योतीचंही नाव होतं. हळदीच्या वावरात रानडुकरं शिरली की हवेत बार काढून ती पळवायची, एवढंच बंदुकीचं काम.

आता जळबांचा हात कसा, ते ऐका. उभी हयात आखाडा बाळापूरच्या बाजारात धान्य मापण्यात गेलेली. पायली भरली की काठावर ढीग उभा राहिलाच पाहिजे. त्याला शीग म्हणतात. सपाट माप देणारा माणूस त्यांच्या लेखी कद्रू! पहिल्याच दुपारी त्यांनी दारूचं मापही तसंच भरलं, शीग लावून. बाबूसिंगचं बोलणं हाताच्या सवयीपुढे कुठलं टिकतंय?

माझा दांडा वरच अडला. बूच आणि छर्रे घातल्यावर काडतुसात जागाच उरली नव्हती. मी ओरडणार कशी? नुसती अडून राहिले. जळबांनी अंगाचा भार टाकला. तोंड अर्धवट दुमडलं आणि कडा फुगली.

"मुरदाड मशीन!" ते चिडून म्हणाले.

तेवढ्यात ज्योती धावत आली. "बाबा, डुकरं शिरली वावरात! झालं का एखादं?" तिने तेच काडतूस उचललं, बंदूक घेतली आणि निघाली. त्यात गरजेपेक्षा जास्त दारू होती. नळी फुटली तर पोरीचा चेहरा, डोळे, काहीच राहणार नव्हतं.

जळबांनी दुसरं काडतूस घेतलं, माप पुन्हा शिगोशीग भरलं आणि दांड्याला लोखंडी पाईप अडकवला. भाजी निवडत बसलेल्या त्यांच्या बायकोने, पद्माबाईंनी, मान वर केली.

"काहून एवढा जोर लावून राहिले? बसत न्हाई तर आत जास्त झालं असंल."

"जास्त कसं व्हईल? मापानंच टाकलं की!"

"ही शीग कोणाला घातली मग? दारूला?"

जळबांनी मापाकडे पाहिलं. "ज्योते!" म्हणत ते अनवाणीच वावराकडे पळाले.

पद्माबाईंनी फोन लावला, तर ज्योतीचा फोन चुलीशेजारीच वाजला. पद्माबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. वावर घरामागेच, बार झाला की भांडी वाजायची. आम्ही दोघी कान लावून होतो. वरच्या फळीवरून मांजराने वाटी पाडली, तर पद्माबाईंनी उंबरा ओलांडलाच.

बार झाला नाही. बऱ्याच वेळाने बापलेक आले. जळबांच्या मुठीत ते काडतूस होतं.

"नळीत बसंनाच, आई," ज्योती वैतागून म्हणाली. "तोंड फुगलेलं. दगडानं ठोकणार होते, तेवढ्यात बाबा आले बोंबलत."

पद्माबाईंनी पोरीला असं कवटाळलं की ती "सोड की!" म्हणाली. जळबा मात्र माझ्यापाशी आले. त्यांनी पाईप काढून अंगणात भिरकावला आणि माझ्या दांड्याला तेल लावलं. "मुरदाड म्हनलो तुला," एवढंच बोलले.

आता दारूचं माप ज्योती पट्टीने सपाट करते. धान्याला जळबा अजूनही शीग लावतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तेल द्या, पुसत जा. पण एखादं अडलंच, तर जोर लावायच्या आधी क्षणभर हात थांबवा. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून आम्ही अडतो.