आरशातला बसवण्णा

२०२२ साली तुळशीचं लग्न झालं, बाजारात लग्नसराई सुरू झाली आणि दुर्गदबैल पेठेतल्या शेवंताक्कांच्या साडीदुकानाच्या पायरीवर एक वळू ठाण मांडून बसला. वर्षाची निम्मी कमाई याच दिवसांतली. पण देवाला सोडलेला वळू म्हणजे बसवण्णा, साक्षात नंदीच. काठी कोण उगारणार? चार हमालांनी ढकलून पाहिलं, त्यानं नुसते कान हलवले. बायका यायच्या, त्याच्या कपाळाला हात लावायच्या आणि शेजारच्या दुकानात शिरायच्या.

"नमस्कार आमच्या दारात, खरेदी तिकडं," अक्का चरफडायच्या.

"देव आपणहून आलाय, अव्वा," लेक गणपत म्हणायचा.

"मग त्यालाच बसव गल्ल्यावर."

समोर मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतली पेमा दर हिवाळ्यासारखी स्वेटर विकायला बसली होती. तिनं आपल्या आजीची गोष्ट सांगितली. सशानं सिंहाला विहिरीत त्याचंच रूप दाखवलं, सिंहानं चिडून उडी घेतली.

"ही आमच्यातही आहे. गोष्टीनं पायरी मोकळी होत नाही," अक्का तुटकपणे म्हणाल्या.

तरी दुसऱ्या दिवशी दुकानातला मोठा आरसा त्यांनी वळूसमोर आणून ठेवलाच. वळूनं आत पाहिलं, हुंगलं, चाटलं आणि तो आरशाला खेटून बसला. आधी संध्याकाळी तरी उठायचा. आता तेही बंद.

"तुझा ससा गाढव होता," अक्कांनी पेमाला ऐकवलं.

"सिंहाला राग होता, अक्का. ह्याला राग नाही, सोबत पाहिजे."

पेमानं आरसा उचलून दोन दुकानं पलीकडं नेला. वळू उठला आणि गुमान मागं गेला. मग रोज आरसा थोडा पुढं, असं करत तो पेठेच्या टोकाच्या देवळाच्या आवारात पोचला. पायरी मोकळी झाली, पण तोवर धनुर्मास लागला होता आणि लग्नं थांबली होती. अक्का रिकाम्या दुकानात घड्या घातलेल्या साड्यांच्याच पुन्हा घड्या घालत बसल्या.

गणपतनं पुढं कोप्पीकर रोडला रेडिमेडचं दुकान टाकलं. पेमाचे गुडघे धरले. आता स्वेटर घेऊन तिची सून येते. वळू देवळातच असतो, तडा गेलेल्या आरशाशेजारी. आणि अक्का अजून त्याच दुकानात आहेत. साडी अंगावर धरून एखादी पोरगी विचारते, "आरसा कुठाय, अक्का?"

"बसवण्णाकडं," अक्का म्हणतात. "मागून बघ, देतो का."