शपथ न घेतलेला सायलस

माणूस आपला की परका, हे ओळखायचं कसं? कप्तान गिल्बर्ट पेटिटला त्या वसंतात याच प्रश्नानं ग्रासलं होतं. लढाई सुरू होण्याआधी तो हातमोजे शिवायचा. चामडं बोटांनी चाचपलं की त्याची जात त्याला कळत असे. पण माणसाचं मन काही चाचपता येत नाही! इंग्लंडात यादवी पेटली होती. राजाची फौज आणि गिल्बर्टची, म्हणजे पार्लमेंटची फौज, दोन्हीकडे इंग्रजच. बोली तीच, देव तोच. सख्खे भाऊ एकमेकांवर भाले रोखून उभे होते.

म्हणून कर्नलचं पत्र आलं तेव्हा गिल्बर्टला हायसंच वाटलं. प्रत्येक शिपायानं चर्चमध्ये उघड्या डोक्यानं, हात वर करून धर्माची शपथ घ्यायची आणि शपथपत्राखाली सही करायची. करील तो आपला. न करील त्याचा सैन्याचा डगला उतरवून घ्यायचा.

रविवारी हॅडर्ली गावच्या चर्चमध्ये एकसष्ट हात वर झाले. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत उंच हात होता हवालदार मथायस क्रोलचा. एकच हात खाली राहिला, तो सायलस विंटरचा.

सायलस दलदलीच्या मुलखातला विणकर होता. बोलायला हळू, चालायला हळू, पण लढाईत त्याच्या शेजारी उभं राहायला सगळे धडपडायचे. गिल्बर्टनं त्याला बाजूला घेतलं.

"अरे, एक सही करायला तुझं काय जातं?"

"कप्तानसाहेब, लढा म्हणाल तर लढतो. उपाशी चाला म्हणाल तर चालतो. पण देवाशी माझं जे काही आहे ते मी आधीच त्याला सांगून टाकलंय. आता तेच कर्नलसाहेबांना लिहून द्यायचं म्हणजे... नाही जमायचं."

"मंगळवारपर्यंत विचार कर. नाही तर डगला काढून ठेव आणि घरची वाट धर."

गिल्बर्ट, क्रोल आणि सायलस हे तिघंही हेस्टर लॅमिंग या विधवेच्या घरी उतरले होते. तिच्या एकुलत्या एक मुलाला राजाच्या माणसांनी शेतातूनच पकडून फौजेत नेलं होतं. तो कुठं आहे, आहे की नाही, काहीच कळत नव्हतं. घरात सून जोन आणि तिचं सहा आठवड्यांचं तान्हं बाळ. बाळंतपणातल्या तापानं जोनचं दूध आटलं होतं. गोठ्यातल्या एका तांबड्या गाईवर ते बाळ जगत होतं. हेस्टर दुधात फडक्याची वात बुडवून ती त्याच्या ओठांशी धरायची.

सायलस धारा काढून द्यायचा. त्याच्या पंथाला तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा, म्हणजे देवाला वचन देऊन पाण्यानं धर्मात घेणं, मान्य नव्हतं, आणि त्यावरून त्याची नि हेस्टरची रोज जुंपायची.

"मावशी, एवढुशा जिवाला कशाचं आलंय वचन? मोठा होऊ दे, मग येईल आपल्या पायानं पाण्यात."

"हो, आणि तेव्हा सर्दी झाली तर तुझ्या नावानं शिंकेल! चल, ते भांडं सांडू नकोस."

सोमवारी सकाळी गिल्बर्ट नदीचा उतार पाहायला गेला. तेवढ्यात इकडे क्रोलनं घराची झडती घेतली. पाळण्यातल्या पेंढ्याखाली त्याला राजाच्या चर्चचं जुनं प्रार्थनापुस्तक सापडलं. त्या पुस्तकावर पार्लमेंटनं बंदी घातली होती.

"वाटलंच होतं मला! मुलगा राजाकडे, पुस्तक राजाचं! देवाच्या शत्रूंना गाय कशाला हवी? आज फौज मांस खाईल!" त्यानं गाईचं दावं सोडलं आणि सायलसच्या हातात दिलं. "ने हिला खाटकाकडे."

सायलसनं दावं घेतलं आणि गाय परत गोठ्याकडे वळवली.

"बहिरा झालास का? हुकूम आहे माझा!"

"ऐकला. हा नाही पाळायचा मी."

क्रोलनं भाल्याच्या दांड्यानं त्याच्या खांद्यावर दणका दिला. मग दुसरा. सायलस गुडघ्यावर आला. हात त्यानं उचलला नाही, दावंही सोडलं नाही. दारात जोन बाळाला उराशी धरून उभी होती.

गिल्बर्ट परतला तो या गोंधळात.

"साहेब, यानं हुकूम मोडलाय!" प्रार्थनापुस्तक पुढे करत क्रोल ओरडला. "शपथ नाकारली तेव्हाच ओळखायला हवं होतं. युद्धाच्या कायद्यात याला फास आहे. मी शपथ घेतलेला माणूस आहे साहेब, माझ्यावर विश्वास ठेवा!"

गिल्बर्टनं सायलसकडे पाहिलं. "हे पुस्तक तुला पटतं?"

"छे. त्यातलं अर्धं मला चूक वाटतं."

"मग या घरासाठी फासावर जायला निघालास ते कशासाठी?"

"पुस्तकाचं मला ठाऊक नाही साहेब. बाळाला दूध लागतं."

 तेव्हा हेस्टर पुढे आली. 

"कप्तानसाहेब, मी अडाणी बाई. पण तीन आठवडे तुमची माणसं माझ्या चुलीपाशी जेवतायत. कोण भाकरीचा तुकडा मागून घेतो नि कोण हिसकावून घेतो, हे मला शपथपत्र न वाचता कळतं. कागदावर जीभ बोलते हो, माणूस नाही बोलत. ज्यानं शपथ घेतली त्यानं लेकराच्या तोंडचं दूध काढलं. ज्यानं नाही घेतली त्यानं ते राखलं. आता तुम्हीच सांगा, तुमच्या फौजेचा माणूस यातला कुठला? आणि माझा मुलगा आज कुठल्याशा परक्या घरी, कदाचित तुमच्याच घरी, उतरला असेल. तिथं त्यानं कसं वागावं असं तुमच्या बायकोला वाटत असेल?"

अरेरे! गिल्बर्टला घर आठवलं. त्याची बायको ॲलिस, तिकडे एकटी, दोन मुलींना घेऊन! उद्या तिच्या दारात फौज आली तर तिथं शपथ घेतलेला क्रोल उभा असावा, की न घेतलेला सायलस? उत्तर शोधायला त्याला क्षणही लागला नाही.

त्यानं वाकून सायलसला हाताला धरून उठवलं. "चूक माझी होती, विंटर. मी माणसं मोजली, पण पाहिली नाहीत. तुझा डगला तुझ्याच अंगावर राहील."

मग तो क्रोलकडे वळला. "लूट करायची नाही, हाही आपल्या फौजेचाच कायदा आहे. आजपासून तू हवालदार नाहीस. या बाईंची माफी माग."

क्रोलचा चेहरा उतरला. मान खाली घालून तो पुटपुटला, "मला वाटलं, देवाचंच काम करतोय."

"वाटलं असेल बाबा," हेस्टर म्हणाली, "पण आधी त्याला विचारायचं होतंस." नंतरचे चार दिवस क्रोल न सांगता तिची लाकडं फोडत राहिला. पाचव्या दिवशी जोननं त्याला जेवायला हाक मारली.

गिल्बर्टनं कर्नलला खरं तेच लिहिलं: 'माझ्या एका शिपायानं सही केलेली नाही. त्याच्या वागणुकीला मी जामीन आहे.' कर्नल भडकला, आणि गिल्बर्टची ठरलेली बढती हुकली. पण त्या तुकडीनं पुढे कुठल्याही गावात कुणाच्या घराला हात लावला नाही. मुक्काम पडला की गिल्बर्ट पहिल्यांदा त्या घरच्या बाईला विचारायचा, "आमची माणसं नीट वागतात ना?"

बंधूंनो आणि भगिनींनो, कुणाची निष्ठा पारखायची वेळ आपल्यावरही येते. तेव्हा तो कुठल्या देवाचं नाव किती मोठ्यानं घेतो हे ऐकत बसू नका. ज्याच्याकडून त्याला काहीच मिळायचं नाही, अशा दुबळ्याशी तो कसा वागतो, एवढं बघा. धर्म असेल तर तिथंच असेल!