चौथ्या पिंजऱ्यातला आवाज

चार नंबरचं घुबड डॉक्टरीणबाईंना बघून पार लांबच्या टोकाला पळालं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. एका मौनीकाकांना सोडून.

परीक्षाच होती ती. जखमी शिकारी पक्ष्यांच्या त्या शुश्रूषा केंद्रात बरा झालेला पक्षी सोडून देण्याआधी लांब पिंजऱ्यात ठेवत. पिंजरा चांगला पन्नास पावलांचा, दोन्ही टोकांना बसायला दांड्या. एकेका माणसानं आत जायचं आणि बाकीच्यांनी जाळीबाहेरून बघायचं. पक्ष्यानं माणसापासून जीव घेऊन पळावं, एवढीच अपेक्षा. घाबरला की पास. मान वाकडी करून बघत बसला, की मुक्काम वाढला.

"आता तू जा," डॉक्टरीणबाई बाहेर येऊन ड्रायव्हरला हळूच म्हणाल्या.

"मला बघून तर आमची बायकोसुद्धा पळते," ड्रायव्हर तितक्याच हळू म्हणाला आणि आत शिरला. घुबड उलट्या टोकाला गेलं. गव्हाणी घुबड होतं ते, पिंपळपानाच्या आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्याचं, आणि त्याच्या उडण्याला कसलाच आवाज नव्हता. इथं होतं, तिथं बसलं, एवढंच कळायचं.

"काका, राहिलात तुम्ही."

मौनीकाका आत गेले. खाणं भरवताना घालायचा लांब झगा आणि तोंडावरचं फडकं आज नव्हतं. पिंजऱ्याच्या मधोमध ते तोंड मिटून उभे राहिले. घुबडानं त्यांना नीट बघून घेतलं आणि ते त्यांच्यापासूनही पळालं.

"झालं. गुरुवारी सोडू," बाई म्हणाल्या आणि फाइलमध्ये त्यांनी तसं लिहिलं.

काका जाळीचं दार लावून कडी घालत राहिले. कडी एकदाच घालायची असते, ती त्यांनी तीनदा काढून घातली.

केंद्रात सगळ्यांत जुना नियम होता तो हा, की पक्ष्याजवळ बोलायचं नाही. खाण्याबरोबर माणसाचा आवाज कानावर पडत गेला तर पक्षी दोन्हींची सांगड घालतो. मग बाहेर सोडला तरी तो खाणं मागायला कुणाच्या तरी अंगणात जाऊन बसतो. तिथं एखादा कुत्रा असतो, नाहीतर काठी असते. बाकीच्यांना या नियमाचा जाच व्हायचा. काकांना तो आपल्यासाठीच कुणीतरी केला असावा असं वाटे. बावीस वर्षं ते पिंजरे झाडत होते, उंदरांचे तुकडे चिमट्यानं भरवत होते आणि एक शब्दही बोलत नव्हते. पहिल्याच वर्षी ड्रायव्हरनं त्यांना मौनीकाका म्हणायला सुरुवात केली. घरी दोघांच्या वाटचं बायको बोलायची, त्यामुळे तिथंही काही अडत नव्हतं.

मग त्यांचा आवाज बसला. गोळ्या झाल्या, वाफा घेऊन झाल्या. शेवटी घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि सांगितलं, की स्वरयंत्र काढून टाकावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. शस्त्रक्रियेला दोन महिने अवकाश होता. तोवर जो काही घोगरा आवाज होता तो होता.

"नाहीतरी दादा, तू कुठे फारसा बोलतोस," धाकटा भाऊ भेटायला आला होता तो म्हणाला. त्याला बिचाऱ्याला धीरच द्यायचा होता.

घरात मात्र वेगळंच झालं. बायको गप्प बसायला लागली. नवऱ्याला बोलायला जागा मिळावी म्हणून. जेवताना ती समोर बसायची आणि वाट बघायची.

"बोला ना काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही बोला."

काका घास चावत विचार करायचे. तिची नजर तोंडावर असली की डोक्यात होतं नव्हतं ते सगळं पुसून जायचं. एकदा खूप प्रयत्न करून ते म्हणाले, "भाजीत मीठ बरोबर पडलंय." ती उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. घासलेलीच भांडी होती ती.

त्याच दिवसांत चार नंबर आलं. कोवळं पिल्लू, नुकतंच उडायला शिकलेलं. एका गाडीला आपटून पंखाचं हाड मोडलं होतं. अशा पक्ष्याला आधी तीन आठवडे एका लहान अंधाऱ्या खोलीत ठेवत आणि हातानं भरवत. काका झगा घालून, फडकं बांधून स्टुलावर बसायचे. पहिले दोन दिवस पिल्लू काही खाईना. तिसऱ्या दिवशी चिमटा पुढे करताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "जेवून घे."

पिल्लानं तुकडा घेतला.

बावीस वर्षांचा नियम असा दोन शब्दांत मोडला. पुढे मात्र धरबंद राहिला नाही. आज बस अर्धा तास उशिरा आली. न्हाणीतला नळ गळतोय, वायसर बदलायला हवा. घशाचे डॉक्टर आपल्याशी बोलतात तेव्हा भिंतीकडे बघतात. लग्नानंतर पहिल्याच वर्षी बायकोसाठी एक शाल आणली होती, पण घरी येईपर्यंत तिचा रंग फार भडक वाटायला लागला आणि ती द्यायचीच राहिली. हे असलं सगळं ते त्या अंधारात, स्टुलावर बसून, फडक्याआडून सांगत होते. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. सुरुवात मात्र दर वेळी "जेवून घे" अशीच.

पंखाची पट्टी निघाली त्या दिवशी चिमटा पुढे करायच्या आधीच "जेवून घे" म्हटल्यावर घुबड दांडीवरून उडून त्यांच्या मनगटावर येऊन बसलं. तेव्हा त्यांना कळलं, आपण काय करून बसलो आहोत. कळल्यावरही ते आणखी चार दिवस बोलले.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले. बायकोनं पाणी दिलं आणि समोर बसली.

"आज काय झालं केंद्रात?"

"चार नंबर पास झालं."

"मग तोंड असं का घुबडासारखं?"

काकांनी पेला खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं. घसा मध्ये मध्ये अडत होता, तरी सगळं सांगितलं. त्या महिन्यात ते घरी एका दमात इतकं कधी बोलले नव्हते.

"घुबडाशी?" ती म्हणाली.

"हं."

"तीन आठवडे?"

"वर चार दिवस."

"इथं मी तोंडाला कुलूप लावून बसले होते. जन्मात कधी बसले नाही अशी. जीव नुसता गुदमरत होता माझा. आणि तुम्ही तिकडे घुबडाशी गप्पा छाटत होतात."

"ते माझ्याकडे तू बघतेस तसं बघत नव्हतं."

"मी कसं बघते?"

"शेवटचं ऐकल्यासारखं."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "काय एवढं बोललात त्याच्याशी?"

त्यांनी नळाचं सांगितलं. शालीचंही सांगितलं.

"कुठाय ती?"

"माळ्यावर. लोखंडी पेटीत, तळाशी."

ती माळ्याकडे बघत राहिली, पण उठली नाही. "ते नंतर बघू. आधी मुद्द्याचं बोला. मॅडमना सांगणार की नाही?"

काकांनी दिवसभर जुळवून ठेवलेलं बोलून दाखवलं. येत्या मंगळवारी आवाजच जाणार. घुबडाला जो आवाज माहीत आहे तो जगात उरणारच नाही. मग त्याला हाक मारणार कोण? सांगितलं तर ते पिंजऱ्यात अडकेल, न सांगितलं तर परवा सुटेल. कुणाचं काय बिघडलं?

"आणि तुमच्यासारखा आवाज दुसऱ्या कुणाचा असला तर? विड्या ओढून घसा बसलेले काय थोडे आहेत? एखाद्यानं आपल्या पोराला जेवायला हाक मारली आणि हे जाऊन पुढ्यात बसलं, आणि त्यानं काठी उचलली, तर तुम्ही ओरडून सांगणार आहात का, मारू नका म्हणून?"

काकांनी रिकामा पेला उचलून मोरीत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई येऊन खुर्चीत बसायच्या आत ते टेबलापुढे जाऊन उभे राहिले. ऐकून झाल्यावर बाईंनी चष्मा काढला, ओढणीनं पुसला, पुन्हा घातला.

"बावीस वर्षं, काका," त्या म्हणाल्या. "दुसरं कुणी असतं तर मी समजले असते."

"हो."

"दाखवा."

लांब पिंजऱ्यात पलीकडच्या टोकाला घुबड डोळे मिटून बसलं होतं. काका अलीकडच्या दांडीपाशी उभे राहिले. घसा साफ करून उपयोग नव्हता, तरी त्यांनी केला.

"जेवून घे."

पांढरा चेहरा वळला. पुढच्या क्षणी घुबड त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेलं होतं आणि चिमटा शोधत होतं. काकांना आधी अभिमान वाटला. मग त्याची लाज वाटली.

बाईंनी ड्रायव्हरला आत पाठवलं. "बोल काहीतरी."

"काय बोलू?" एरवी ज्याचं तोंड मिटत नसे त्याला एक वाक्य सुचेना. मग त्यानं पाच तऱ्हांनी "जेवून घे" म्हणून बघितलं. एकदा काकांची घोगरी नक्कलसुद्धा केली. घुबड प्रत्येक वेळी त्याच्यापासून लांब गेलं. बाईंनाही त्यानं जवळ येऊ दिलं नाही.

"म्हणजे फक्त तुमचाच," बाई म्हणाल्या आणि फाइलमधल्या गुरुवारावर त्यांनी काट मारली. "दोन महिने ठेवू. खाणं पडद्यामागून, नळीतून टाकायचं. कुणी दिसायचं नाही, कुणी बोलायचं नाही. हळूहळू विसरतात. मग पुन्हा परीक्षा. तुमच्या आवाजानं परत एकदा बघावं लागेल, म्हणजे..."

बोलता बोलता त्यांचं पेन थांबलं.

"मंगळवारी आहे," काकांनी आठवण दिली.

बाई फाइलकडे बघत राहिल्या. "मग जसं जमेल तसं," त्या म्हणाल्या.

काका परत आले ते दोन महिन्यांनी. गळ्याभोवती पातळ रुमाल होता. श्वास आता नाकातोंडातून नव्हता, गळ्याला पाडलेल्या भोकातून होता, आणि पिसांचा भुगा त्यात जाता कामा नये असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे पिंजऱ्यांचं काम संपलं होतं. हे कुणी त्यांना बोलून दाखवलं नाही. त्यांचा झाडू दुसऱ्या खिळ्याला टांगलेला त्यांना दिसला. खिशात दोरी बांधलेली एक लहान पाटी आणि खडू होता.

"आता शोभलं बघा नाव, मौनीकाका," ड्रायव्हर बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

काकांनी पाटीवर लिहिलं, 'बावीस वर्षं आधीच ठेवलंस.' मग ते हसले. हसण्याला आवाज नव्हता, रुमाल तेवढा दोनदा हलला.

"एकच मिनिट, काका. रुमाल धरून ठेवा," बाई म्हणाल्या.

ते आत गेले. त्याच दांडीपाशी उभे राहिले. ओठ हलवून त्यांनी ते दोन शब्द म्हटले. घुबड पलीकडच्या टोकाला पिसं साफ करत होतं. त्यानं वर बघितलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटले. घुबड पंखाखाली चोच घालून आपल्या कामात होतं.

"यंत्र," जाळीबाहेरून बाईंनी खूण केली.

दवाखान्यातून मिळालेलं, दाढीच्या यंत्राएवढं ते यंत्र काकांनी खिशातून काढलं. गळ्याला टेकवलं की घूं करून शब्द निघायचे, सगळे एका सुरात. त्यांना ते आवडत नसे. घरी ते फक्त फोनवर वापरत. त्यांनी ते टेकवलं आणि म्हटलं. घुबड दचकून उडालं आणि सर्वांत वरच्या कोपऱ्यात जाऊन जाळीला चिकटलं.

याहून चांगलं पास व्हायची सोय नव्हती. बाईंनी 'सोडण्यास योग्य' असं लिहिलं, खाली सही केली, आणि काका बाहेर येईपर्यंत फाइलमध्येच बघत राहिल्या.

गुरुवारी संध्याकाळी उजेड उतरायच्या सुमाराला केंद्रामागच्या गवताळ माळावर सगळे जमले. बायकोही आली होती. "ज्याच्यासाठी मला वाळीत टाकलं होतंत, त्याचं तोंड तरी बघू दे," असं म्हणून आली होती. अंगावर शाल होती. रंग खरोखरच भडक होता. पेटीत इतकी वर्षं घड्या पडून राहिल्यामुळे त्यावर उभ्याआडव्या फिक्या रेघा आल्या होत्या. त्या तिनं लपवल्या नव्हत्या.

"शाल छान दिसतेय, काकू," ड्रायव्हर म्हणाला.

"जुनी आहे," ती म्हणाली.

खोकं गवतावर ठेवलं. ड्रायव्हरनं झाकण काढलं आणि तो मागे सरला. घुबड खोक्याच्या काठावर चढून बसलं. त्यानं माळावरून नजर फिरवली, माणसांवरूनही फिरवली. मग ते गवताच्या अगदी लगत, पांढरं पांढरं उडत गेलं. कशाचाही आवाज झाला नाही.

काकांचे ओठ हलले.

घुबड वळलं नाही. झाडांच्या काळ्या रेषेपर्यंत ते दिसत होतं, मग दिसेनासं झालं. बाई आणि ड्रायव्हर तिकडेच बघत होते. बायको तिकडे बघत नव्हती. ती काकांच्या तोंडाकडे बघत होती. दोन महिन्यांत तिला त्यांचे ओठ वाचायची सवय झाली होती आणि आता तिच्या बघण्यानं त्यांचं काही अडत नसे.

"जेवते हो," ती म्हणाली. "घरी गेल्यावर दोघंही जेवू."

मौनीकाकांनी पाटी हातात घेतली, खडू काढला, आणि तो तसाच परत खिशात ठेवला.