मला पुराचे झाड म्हणतात

मित्रांनो, हंगेरीतल्या या लहान गावात शाळेमागे जो म्हातारा ओक उभा आहे, तो मी. सगळे मला ‘पुराचे झाड’ म्हणतात. पण माझे खरे नाव वेगळे होते. ते कसे गेले, ते आज सांगतो.

एकोणिसावे शतक संपत आले होते. आमची एर्झेबेत राणी परमुलखात एका तळ्याकाठी बोटीकडे निघाली असताना एका माणसाने धार लावलेली कानस तिच्या छातीत खुपसली. बातमी आली आणि गाव सुन्न झाले. राणी राहायची व्हिएन्नाला, पण आमची अवघड भाषा ती हट्टाने शिकली होती. तरणाताठा मुलगा गेल्यापासून ती काळे कपडे घालते, हे इथल्या बायकांना ठाऊक होते. त्या तिला घरातलीच समजत. तिच्या आठवणीसाठी देशभर झाडे लावली गेली, त्यांतला एक मी. पिरोश्का नावाच्या सात वर्षांच्या मुलीने मला खड्ड्यात सरळ धरले आणि गुरुजींनी माती लोटली. पायाशी राणीच्या नावाचा दगड बसवला. पहिला उन्हाळा फार कडक गेला. पिरोश्का रोज विहिरीवरून पाणी आणायची. ती नसती तर मी तेव्हाच वाळून गेलो असतो.

पन्नास वर्षे मी सुखाने वाढलो. मग कम्युनिस्टांचे राज्य आले. राजेराण्यांचे नाव काढणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. १९५१ च्या शरदात तालुक्याच्या कचेरीतून हुकूम आला, की राणीचे झाड गुरुवारी तोडावे. ते काम आले अंब्रुशकडे. हा वनखात्यातला लाकूडतोड्या, पिरोश्काच्या बहिणीचा मुलगा.

गुरुवारी पहाटे पिरोश्का पहार घेऊन आली. आता ती साठीची होती. मागोमाग अंब्रुश आला.

“मावशी, माझी नोकरी जाईल. तीन पोरं आहेत घरात.”

“तोडू नकोस असं म्हटलं का मी? आधी दगड काढायला हात लाव.”

दोघांनी दगड उपटला आणि तिथेच खोल खड्डा करून पुरला. माझे एक मूळ तुटले. कळ आली, पण मी पान हलू दिले नाही.

आठ वाजता अधिकारी मोटारीतून उतरला. गाव गोळा झाले होते. कुणी कुणाकडे बघत नव्हते. राणीचे झाड हेच का, असे त्याने विचारले.

पिरोश्का पुढे झाली. “राणीचं? नाही, कॉम्रेड. हे पुराचं. मी लहान असताना नदी गावात शिरली, सतरा माणसं वाहून गेली. त्यांच्यासाठी लावलंय.”

असा पूर कधी आलाच नव्हता. अधिकाऱ्याने हातातला कागद पाहिला, मग तिच्याकडे पाहिले, मग तो अंब्रुशकडे वळला.

“तू सांग. खरं आहे हे?”

अंब्रुशच्या कुऱ्हाडीचे पाते माझ्या सालीला टेकलेले होते. 

“माझे आजोबा त्या पुरात गेले,” तो म्हणाला.

त्याचे आजोबा नव्वदीत, पोटभर जेवून, अंथरुणात गेले होते. त्यांच्या अंत्यविधीला निम्मे गाव होते. कुणी तोंड उघडले नाही.

अधिकाऱ्याने बुटाने जमीन उकरली. “आणि ही माती ताजी कशी?”

“डुकरं,” पिरोश्का म्हणाली. “ओकची फळं पडली की माती उकरतात. तुम्हीच आमच्या सरपंचांना समजावा जरा. त्यांचीच आहेत.”

मागे कुणीतरी फिसकन हसले. अधिकारीही हसला. त्याने कागदावर काट मारली आणि तो मोटारीत बसला. अंब्रुश तिथेच माझ्या बुंध्याला टेकून खाली बसला. 

मी वाचलो. पण ते खोटे फारच चांगले वठले होते. पुढच्या वर्षी कचेरीने पितळी पाटी लावली, पुरात गेलेल्या सतरा जणांच्या स्मरणार्थ. शाळेत पुराचा धडा आला. खरे सांगावे तर अंब्रुशला तुरुंग. म्हणून जाणते लोक गप्प राहिले आणि एकेक करून गेले.

पिरोश्का ऐंशीच्या पुढे गेली होती. एका दुपारी तिने अंब्रुशच्या नातीला हळूच सांगितले, की हे झाड राणीचे आहे आणि आपणच ते लावले आहे.

मुलगी हसली. “आजी, विसरलीस होय? पुराचं आहे ते. आम्हाला परीक्षेला होतं.”

पिरोश्काने माझ्या सालीवर तळवा ठेवला.  त्या हिवाळ्यानंतर ती आली नाही.

आता ते राज्यही गेले, राणीचे नाव उघडपणे घेता येते, पण सांगणारे कुणी उरले नाही. मुले दरवर्षी पाटीपाशी येतात आणि कधीच न बुडालेल्या माणसांसाठी मान खाली घालतात.

मित्रांनो, मला पाणी घाला असे मी म्हणणार नाही. माझी मुळे खोल गेली आहेत. पण तुमच्या घरातले एखादे म्हातारे माणूस पुस्तकापेक्षा वेगळे काही सांगू लागले, तर हसू नका. त्याच्याजवळ बसा आणि शेवटपर्यंत ऐका.